लोणारचे अदृश्य धन

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष बुलढाणा जिल्ह्यातील त्या विवराकडे वेधले गेले. नाना तर्क लढविले गेले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आले. अखेर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून, ही किमया क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याची असल्याचे सांगितले. पुढे रंग ओसरला आणि लोकांचे कुतूहलही ओसरले.

उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर. त्यातील पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. अशा पाण्यात तग धरणारे जीव विरळाच. पण निसर्गातील बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेच्या बशीत वाढावयास राजी नसतात, ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण. आता निराळी वाट सापडली आहे. एकेका जंतूची मनधरणी करीत न बसता ओंजळभर पाण्यातील किंवा गाळातील सर्वच जीवांचा डीएनए एकत्र काढावयाचा आणि वाचावयाचा. या सामुदायिक जनुकसंचयास १९९८ साली ‘मेटाजीनोम’ हे नाव मिळाले. २००४ साली सारगासो समुद्राच्या पाण्यातून अशाच रीतीने १२ लाखांहून अधिक नवी जनुके उजेडात आली!

याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांस अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाचे उदाहरण पुरे. तेथील ऊन झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या एका जंतूच्या विकरावर पुढे पीसीआर ही पद्धती उभी राहिली. करोनाकाळात तिचे नाव घरोघरी पोहोचले. मौज अशी की, या विकरावर इतरांनी अमाप पैसा मिळविला, उद्यानाच्या पदरात मात्र काही पडले नाही. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. लाभातील वाटा स्थानिकांस मिळावा, अशी तजवीज निदान कागदावर तरी आहे.

परंतु वाटणीची गोष्ट पुढची. आधी ठेव तर शाबूत राहिली पाहिजे. गावाचे सांडपाणी सरोवरात उतरते, ही तक्रार जुनी आहे. पाण्याचा खारेपणा मोडला की त्यावर जगणारा जीवसमूहही मोडणार, आणि तो नाहीसा झाल्याचे डोळ्यांना दिसणारही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा मान मिळाला, एवढ्याने हे टळत नाही. लोणारच्या जनुकांचे वाचन अनेक संशोधकांनी आपापल्या सवडीने केले आहे. आमच्या मते, शासनाने हे काम नित्याचे करावे. दर ऋतूत पाणी व गाळ यांचे नमुने वाचले जावेत आणि जपूनही ठेवले जावेत. पुण्यास सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय संग्रहकेंद्र असता त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सांडपाण्याचा बंदोबस्त मात्र लोणारातच व्हावयास हवा, आणि तोही येत्या पावसाळ्यापूर्वी.