घरचा कर्ता

वाक्यात जो क्रिया करतो तो कर्ता आणि ज्याच्यावर क्रिया घडते ते कर्म, एवढे व्याकरण आमच्या शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. आपल्या भाषेने घर चालविणाऱ्या माणसासही ‘कर्ता’ हेच नाव दिले आहे. ‘बाबा शेतावर गेले’, ‘बाबांनी गोऱ्हा विकला’, ‘बाबा सभेत बोलले’, अशी वाक्ये ज्या घरातून काल-परवापर्यंत ऐकू येत होती, त्याच घरातील बाप झाडावरून पडून, पाठीच्या कण्यास इजा होऊन, तीन-चार महिने इस्पितळात काढून परतला म्हणजे घरची भाषा एकाएकी पालटते. ‘बाबांना घरी आणले’, ‘बाबांना कुशीवर केले’, ‘बाबांना बाहेर बसविले.’ कर्त्याचे कर्म झाले! ही केवळ व्याकरणातील गंमत असती, तर वार्षिकाची पाने आम्ही तिच्यासाठी अडविली नसती.

आमचे म्हणणे असे आहे की, अशा माणसास घरी आणणे हे अर्धे कामसुद्धा नव्हे. त्यास पुन्हा कर्ता होऊ देणे हे खरे काम. ते डॉक्टरांच्या हातचे नसून घरच्या मंडळींच्या हातचे आहे. आणि त्यासाठी घरातील मुलीची शाळा मोडण्याची मुळीच आवश्यकता नाही. ह्या शेवटच्या गोष्टीविषयी पुढे अधिक लिहू.

पोंभुर्ण्यासारख्या रानालगतच्या मुलखात हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. शहरांत मोटारींच्या अपघातांनी कणे मोडतात, खेड्यांत बहुधा उंचावरून पडून. मोहाची फुले आपोआप गळतात. ती वेचताना भय असते ते वाघाचे. परंतु मोहाची फळे काढावयास, शेळ्यांसाठी पाला तोडावयास, चिंचा पाडावयास झाडावर चढावे लागते. आणि पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरावयास छपरावर. असा पडलेला माणूस दोघांनी खांद्यापायाला धरून उचलू नये. त्याची मान व कंबर न वाकविता, फळीवर किंवा दाराच्या कवाडावर सपाट निजवूनच त्यास हलवावे. आधी थोडक्यात वाचलेला मज्जारज्जू पुष्कळदा अशा धसमुसळ्या उचलण्यानेच कायमचा दुखावतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी, सुमारे करंगळीएवढ्या जाडीची मज्जातंतूंची दोरी. हातापायांस हुकूम पोहोचतात ते तिच्यातून, आणि पायाला काटा टोचल्याची वर्दी मेंदूस मिळते तीही तिच्यातूनच. मोडलेले हाड जुळते. पूर्णपणे तुटलेला मज्जारज्जू जुळविण्याची विद्या अद्याप कोणासही साधलेली नाही. इजा अपुरी असेल तर पहिल्या काही महिन्यांत थोडेबहुत बळ परत येते, आणि म्हणून त्या काळातील व्यायाम सोडू नये. परंतु वर्ष उलटल्यावरही एखाद्या वैदूच्या तेलासाठी बैलजोडी विकणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. आशा सोडावी असे आम्ही म्हणत नाही. बैल सोडू नयेत एवढेच म्हणतो. कारण त्याच पैशांत चाकाची खुर्ची, बरी गादी आणि न्हाणीघरापर्यंतची वाट होऊन जाते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ज्याचा मज्जारज्जू तुटला तो फार दिवस जगत नसे, असा जगभरचा अनुभव होता. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडात आश्रयास आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन ह्यांच्याकडे १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांचा विभाग सोपविण्यात आला. ही माणसे कणा मोडल्याने मरत नसून, अंथरुणात एका अंगावर पडून झालेल्या जखमा व मूत्राशयातील विकार ह्यांनी मरतात, हे त्यांनी जाणले. मग त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रोग्याची कूस पालटण्याचा नियम घातला. आणि माणसे जगू लागली. पण गुटमन तेवढ्यावर थांबले नाहीत. वाचलेल्या माणसास काम पाहिजे, खेळ पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू होत असतानाच, त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या १६ स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. आजचे पॅरालिंपिक सामने त्यातून उगवले.

ह्या हकिकतीतील दोन तासांचा नियम आपल्या कामाचा आहे, कारण त्यास न इंग्लंड लागते न मोठे इस्पितळ. मुंबईस हाजीअली येथे १९५५ पासून भारत सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, परंतु पोंभुर्ण्याहून ती फार दूर. चंद्रपूर-नागपूरच्या रुग्णालयांतूनही माणसास कधी ना कधी निरोप मिळतोच. पुढची वर्षे जातात ती ओसरीवर. म्हणून ओसरीकडेच आधी पाहिले पाहिजे.

आमच्याकडील घरांचे उंबरठे उंच, जोती त्याहून उंच. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करावयाची तर जितकी उंची त्याच्या बारा पट लांबी धरावी, असा सर्वमान्य नियम आहे. सहा इंचांच्या पायरीस सहा फूट उतरण लागते. दीड फुटाच्या जोत्यास अठरा फूट. हे गणित सातवीचा मुलगा करील, आणि मुरूम ठोकून तशी उतरण दोन दिवसांत घरचीच माणसे घालतील. अंगणात जागा नसेल तर उतरण वळवून घ्यावी. दार निदान तीन फूट मोकळे असावे. बाज खुर्चीच्या बैठकीइतकी उंच असावी, म्हणजे तिच्यावरून खुर्चीत सरकता येते. झोळ पडलेल्या बाजेवर मात्र निजवू नये, सपाट फळीवर जाड गादी बरी. बांबूला तर ह्या मुलखात तोटा नाही. कमरेएवढ्या उंचीचे दोन बांबू समांतर रोवून घेतले म्हणजे हातांचे बळ वाढविण्यास व, ज्याच्या पायांत थोडी शक्ती आहे त्यास, उभे राहण्यास उत्तम आधार होतो. बुरड कारागिरास ते सांगावेही लागत नाही.

उंबरठा काढण्यास मात्र घरची वडीलधारी माणसे हमखास आडवी येतात. उंबरठ्याशी किती भावना जडलेल्या आहेत, हे आम्ही जाणतो. तथापि शुभवर्तमानातील कफर्णहूमची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. एका पक्षाघाती मनुष्यास आत नेण्यास वाट मिळेना, तेव्हा त्यास वाहून आणणाऱ्या चौघांनी दुसऱ्याच्या घराचे छप्पर उकलले. छप्पर लोकांचे होते. येथे उंबरठा तर आपलाच आहे.

आता ज्या गोष्टी लिहिण्यास संकोच वाटतो त्या लिहू, कारण न लिहिल्यानेच माणसे दगावतात. ज्या अंगास स्पर्श कळत नाही त्यास चटकाही कळत नाही. पौष महिन्यात प्रेमाने बापाचे पाय शेकोटीकडे करून ठेवू नयेत. तो हसत बोलत बसेल आणि पाय भाजून निघतील. उंदीर कुरतडून गेला तरी कळत नाही. कुष्ठरोग्यांच्या बधिर बोटांना रात्री उंदीर खातात असे आढळल्यावर वेल्लूरच्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी रोग्यांस मांजरे पाळावयास लाविली होती. हा उपाय खेड्यात कोणासही परवडेल. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे, आणि रोज एकदा आरसा धरून पाठीची खालची बाजू व टाचा तपासाव्यात. तांबूस डाग दिसला की त्या अंगावर भार बंद. मूत्राशय रिकामे करण्याचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस ह्यांनी दाखवून दिले की, साबणाने धुतलेल्या हातांनी, दिवसातून ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून हे काम रोग्याने आपले आपण केले तरी चालते. हात चालत असतील त्याने ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. हे एक काम स्वतःचे स्वतः करू लागलेला माणूस घरात वेगळ्याच आवाजात बोलू लागतो. इजा मानेकडे किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, आणि एकाएकी डोके ठणकून घाम फुटू लागला, तर आधी त्यास उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, मूत्र तुंबले आहे काय ते पाहावे आणि विनाविलंब डॉक्टर गाठावा.

इतके सारे कोण करणार? येथे आम्ही आमच्या मुख्य तक्रारीवर येतो. बहुतेक घरांत ह्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते: आठवीतली मुलगी. आई मजुरीस जाते, मुलगा ‘शिकून मोठा व्हावयाचा’ असतो, म्हणून मुलीचा दाखला काढावयास कोणीतरी शाळेत येतो आणि ‘बापाची सेवा आहे’ असे सांगतो. सेवा ह्या शब्दापुढे बोलावयाचे कोणी? आम्ही बोलतो. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत दोन-दोन तासांनी म्हणजे पाच वेळा कूस पालटावी लागते. आई, मुलगा, मुलगी, काका आणि शेजारचा एक माणूस ह्यांनी एकेक वेळ वाटून घेतली तर कोणाचीही झोप मोडून पडत नाही. एकट्या मुलीवर घातली तर सहा महिन्यांत घरात आजारी माणसे दोन होतात. दिवसा शाळेच्या वेळात बापाजवळ असावे म्हणून आजी, आजोबा, कामावर न गेलेली चुलती ह्यांचे दिवस ठरवावेत. शिवाय वयात येणाऱ्या मुलीकडून बापाची अंगधुणी करवून घेणे हे बापासही मरणप्राय वाटते, हे त्याच्या तोंडून निघत नाही एवढेच. पुरुषांनी पुरुषाचे करावे. मुलग्यांनो, हे तुम्हांस उद्देशून आहे.

आई पडली तर गोष्ट आणखी अवघड. बाप पडला म्हणजे सेवा करणारी आई असते. आई पडली म्हणजे घरास प्रथमच कळते की ती काय काय करीत होती. अशा आईस कित्येकदा माहेरी पोहोचवून देतात, आणि त्यास विश्रांतीसाठी पाठविले असे म्हणतात. चूल बसून करण्याजोग्या ओट्यावर घेतली, पाण्याची भांडी हाताशी ठेवली, तर ती आपल्याच घरी राहून आपलेच घर चालवू शकते. हे चार विटांचे काम असता माणूस घराबाहेर काढणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते.

बसल्या जागी काय होऊ शकते, ह्याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात होऊन गेले. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे ह्यांचा मज्जारज्जू तुटला नव्हता. परंतु कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहावे किंवा आडवे पडावे, एवढेच उरले. तशा स्थितीत, सत्तरी उलटल्यावर, १९८५ च्या डिसेंबरात ते ‘भारत जोडो’ यात्रेस कन्याकुमारीहून निघाले, आणि गाडीत आडवे पडून काश्मीरपर्यंत गेले. २००८ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या बाजेभोवती माणसे सल्ल्यासाठी जमत राहिली. त्यांस कोणी अंथरुणाला खिळलेला म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. वेल्लूरच्याच डॉ. मेरी वर्गीस १९५४ साली मोटार-अपघातात कंबरेखाली लुळ्या झाल्या. कुष्ठरोग्यांच्या हातांवरील शस्त्रक्रिया बसून करता येतात, म्हणून त्या खुर्चीत बसून त्या करू लागल्या. आणि १९६६ साली त्यांच्याच देखरेखीखाली तेथे अपंगांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली.

१९६५ च्या युद्धात कण्याशी गोळी घेऊन १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर मुलांस चित्रपटामुळे ठाऊक झाले आहेत, ते ठीकच. परंतु रोवणी कोणत्या बांधीपासून सुरू करावी, हे विचारले जाण्यासाठी पोंभुर्ण्याच्या बापाने सुवर्णपदक आणले पाहिजे असे नाही. बियाणे किती, मजूर किती, तेंदूपत्त्याच्या पुड्यांचा हिशेब बरोबर आहे काय, थोरलीचे स्थळ पाहावे की तिला पुढे शिकवावे, हे प्रश्न पायांनी सुटत नाहीत. पडण्यापूर्वी ते ज्यास विचारीत होतो त्यासच पडल्यानंतरही विचारावे. घरखर्चाचे पैसे त्याच्या उशाशी असावेत. पाहुणे आले म्हणजे त्याची बाज आतल्या खोलीत लोटू नये.

सरकारी मदतीविषयी थोडेच लिहितो. २०१६ च्या कायद्याने जी २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत त्यांत हे येते. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवावे, आणि मिळकत तुटपुंजी असेल तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. अर्ज मुलाने लिहिला तरी तो बापास वाचून दाखवूनच त्याची सही घ्यावी.

सहीवरून आठवले. प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीची एक जागा असते. बाप घरी पडून असता मुले ते पुस्तक काकाकडे नेतात. बापास त्रास कशाला, असा त्यांचा भाव असतो. ह्या खेपेस निकाल १ मे रोजी हाती पडेल तेव्हा पुस्तक आधी बाजेपाशी न्यावे. त्यास गुण वाचू द्यावेत, गणितात कमी का पडले ते विचारू द्यावे, रागावू द्यावे. हात चालत नसतील तर त्याने ‘कर’ म्हटल्यावर आईने सही करावी.