कादंबरीतील स्वप्न कसे वाचावे?

स्वप्नाचा अर्थ विचारणारा माणूस बहुधा उत्तर मनाशी ठरवूनच विचारावयास येतो, असा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव आहे. आपल्याकडे स्वप्नाध्यायाची परंपरा फार जुनी. पांढरे वस्त्र शुभ, तांबडे अशुभ. उंच चढणे चांगले, अंगाला तेल माखणे वाईट. दक्षिणेस जाणे म्हणजे यमाच्याच दिशेस जाणे. पहाटेचे स्वप्न खरे होते आणि चांगले स्वप्न पडल्यावर पुन्हा झोपू नये, हे पेडणे-डिचोलीच्या घरांतून अद्यापही सांगितले जाते. आमचे त्याच्याशी भांडण नाही. हाच कोश हाती घेऊन कोणी कादंबरी वाचावयास बसला, म्हणजे मात्र भांडण सुरू होते.

मराठीत हळब्यांच्या 'मुक्तामाले'पासून (१८६१) अद्भुतरम्य कादंबरी आहे. आजची मुले ती उघडीत नाहीत. ती हॅरी पॉटर वाचतात, आणि वाचतात ही आनंदाची गोष्ट आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने परवा त्यातील पाचव्या भागाविषयी (२००३) एक मार्मिक शंका काढली. त्या भागात हॅरीला स्वप्न पडते की, आपण स्वतःच सर्प झालो आहोत आणि मित्राच्या वडिलांना दंश करीत आहोत. चौकशी होते, स्वप्न खरे निघते, त्या गृहस्थांचे प्राण वाचतात. पुढे परीक्षेच्या वेळी डोळा लागला असता आपल्या धर्मपित्याचा छळ चाललेला त्याला दिसतो. तो धावून जातो. हे दृश्य मात्र शत्रूने त्याच्या मनात घातलेले असते, आणि त्या धावण्यापायीच धर्मपित्याचा अंत होतो. मुलीचे म्हणणे असे की, एक स्वप्न खरे आणि दुसरे खोटे, ही लेखिकेने वाचकाची केलेली फसवणूक नव्हे काय?

आम्ही तिला मागची प्रकरणे पुन्हा वाचावयास सांगितले. दोघांच्या मनांमध्ये वाट आहे, हे शत्रूला आता कळून चुकले आहे, असे हॅरीला तेथे स्पष्ट बजावलेले आहे. ती वाट बंद करण्याचे शिक्षणही त्याला दिले जाते. ते अर्धवटच राहते. फसवणूक कसली? सर्पाचा अर्थ कोशात शोधणाऱ्याला तो सापडत नाही. पाने उलटणाऱ्याला सापडतो.

आपल्या वाल्मीकींनी हे केव्हाच करून ठेवले आहे. अयोध्याकांडात आजोळी गेलेल्या भरताला दुःस्वप्न पडते. मोकळ्या केसांचे, मलिन झालेले वडील डोंगरावरून शेणाच्या डोहात पडतात, ओंजळीने तेल पितात आणि तेलातच बुडतात. पुढे तांबड्या फुलांची माळ घालून, गाढवे जुंपलेल्या रथातून दक्षिणेस जातात. तेल, गाढवे आणि दक्षिण दिशा ही सारी स्वप्नाध्यायातील नाणी. त्रिजटेला रावणाविषयी पडलेल्या स्वप्नातही तीच वाजतात. परंतु येथे तेलाचे तेवढ्यावर भागत नाही. काही सर्ग आधी दशरथाचा देह, पुत्र जवळ नसल्यामुळे, तेलाच्या द्रोणीत ठेवलेला आहे. श्रोत्याला ते ठाऊक आहे, भरताला नाही. म्हणून ते तेल आपल्या अंगावर काटा आणते. रूढ संकेत कवीला फुकट मिळतो. या तेलाचा दुसरा अर्थ मात्र त्याने आपल्या कथेतून काढलेला आहे.

घरची स्वप्नेही कित्येकदा अशीच वाचता येतात. याच मुलीचा म्हापशास अकरावीत प्रवेश घेण्याचा बेत आजीच्या एका स्वप्नामुळे थांबला होता. तांबडे लुगडे नेसून नात होडीतून नदीपार चालली आहे, असे आजीने पाहिले. घरात तांबड्या रंगाची चर्चा झाली, कौल लावण्याचे ठरले. आम्ही भेटावयास गेलो ते आजींना एवढेच विचारण्यासाठी की, अशी होडी आपण पूर्वी कोठे पाहिली होती काय? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांचेच लग्न होऊन त्या आरोंद्याहून तेरेखोल ओलांडून किरणपाणीस उतरल्या, ते तांबड्या लुगड्यात. सातवीची पुस्तके माहेरी राहिली, ती राहिलीच. कौल लावायचा तो लावलाच गेला, आणि त्यात आम्ही बोललो नाही. इतके मात्र खरे की, कौल लावताना प्रश्न आधी स्वच्छ शब्दांत मांडावा लागतो, आणि त्या दिवशी तो आजींनी स्वतः मांडला. मुलगी आता म्हापशास जाते.

स्वप्नाचा उगम कळला म्हणजे वाचन संपले, असे मात्र नव्हे. ऐकणारा पुढे काय करतो, हेही पाहावे लागते. तेरेखोलच्या पलीकडे, शिरोड्यास, वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शाळामास्तर होते. त्यांच्या 'ययाती'त (१९५९) नहुषाची मुले सुखी होणार नाहीत ही शापवाणी कथेवर सावलीसारखी पसरलेली आहे. पण ययातीचे सुख नासते ते त्याच्या स्वतःच्या हावेमुळे. शाप खरा झाला, असे वाटल्यास म्हणावे.

याहून कठीण उदाहरण उद्योगपर्वातील आहे. श्रीकृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगून पांडवांकडे बोलावतो, तेव्हा कर्ण त्याला आपले स्वप्न सांगतो. युधिष्ठिर भावांसह हजार खांबांच्या प्रासादावर चढतो आहे, पांडवांची पागोटी शुभ्र आहेत. आपल्या बाजूच्या बहुतेकांची तांबडी. तेथे अर्थाविषयी संशयच नाही. त्रिजटेचे स्वप्न ऐकून राक्षसी भ्याल्या, हॅरी आपल्या स्वप्नामागे धावला. कर्ण दोन्ही करीत नाही. तो अर्थ स्वतःच सांगतो, श्रीकृष्णाला आलिंगन देतो, त्याच्या रथातून उतरतो आणि आपल्या रथात बसून परत जातो.