परत बोलावण्याचा अधिकार : नॉर्थ डाकोटाचा दाखला

निवडून दिलेल्या प्रतिनिधीला मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार घटनेत असावा, असे कोणी म्हटले की विरोधकांचे उत्तर ठरलेले असते : हे शस्त्र धनदांडग्यांच्या हाती जाईल. पुरावा म्हणून २००३ सालचे कॅलिफोर्निया पुढे केले जाते. तेथे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्याविरुद्धच्या सह्यांच्या मोहिमेत एका धनाढ्य काँग्रेससदस्याने लाखो डॉलर ओतले आणि डेव्हिस पायउतार झाले. हे खरेच आहे. परंतु एवढ्यावरून निकाल देणाऱ्यांनी नॉर्थ डाकोटा राज्याचा इतिहास वाचलेला दिसत नाही.

तेथील गहू पिकविणारा शेतकरी रेल्वे कंपन्या, मिनियापोलिसचे धान्यव्यापारी आणि बँकवाले यांच्या कचाट्यात सापडला होता. १९१५ मध्ये त्याने ‘नॉनपार्टिझन लीग’ उभारली. तिचा संघटक आर्थर टाउनली हा पूर्वाश्रमीचा समाजवादी कार्यकर्ता. लीगचे लिन फ्रेझियर गव्हर्नर झाले. १९१९ मध्ये राज्याच्या मालकीची बँक आणि पिठाची गिरणी यांचे कायदे झाले, आणि याच राजवटीत, १९२० साली, राज्यघटना दुरुस्त होऊन परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना मिळाला.

पुढच्याच वर्षी तो अधिकार लीगवर उलटला. युद्धोत्तर मंदीत गव्हाचे भाव कोसळले होते. (त्यात फ्रेझियर यांचा दोष तो कोणता?) विरोधकांनी संधी साधली आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये फ्रेझियर व त्यांचे दोन सहकारी अधिकारपदावरून दूर झाले. म्हणजे शेतकऱ्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला काय? मुळीच नाही. लीगची आर्थिक योजना मोडीत काढण्याचे प्रस्तावही त्याच वेळी मतास टाकले होते. ते मतदारांनी फेटाळले. माणसे बदलली, बँक राखली. ती आजही चालू आहे. फ्रेझियर यांना तर त्याच मतदारांनी १९२२ मध्ये सिनेटवर पाठविले.

तेव्हा दोष अधिकाराचा नाही, भाडोत्री सह्यांचा आहे. कोलोरॅडो राज्याने जनप्रस्तावांसाठी पैसे देऊन सह्या गोळविण्यास बंदी घातली होती. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केली. धनदांडग्यांना दार उघडून दिले ते न्यायालयाने. खापर मात्र मतदारावर!

जयप्रकाशजींनी १९७४ च्या आंदोलनात हाच अधिकार मागितला होता. त्यानंतर १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्या प्रतिनिधीचे सदस्यत्व धोक्यात आणले. मतदाराला दिलेला शब्द मोडणारा प्रतिनिधी मात्र पाच वर्षे निर्धास्त असतो, आणि त्याला अभय देणाऱ्या याच व्यवस्थेला आपल्याकडे स्थैर्य म्हणतात.