अवयव पाडतांना ‘कां?’ विचारा

बीजगणितांत अवयव पाडण्याचा भाग आला म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांचा धीर खचतो. गुणाकाराची वाट सरळ असते; पण तयार गुणाकार पुढें ठेवून ‘हा कशापासून झाला?’ असें विचारलें कीं उलट पावलीं चालावें लागतें. मग विद्यार्थी युक्ति पाठ करतो, घरीं वडील मंडळी उत्तर जुळलें एवढेंच पाहतात, आणि जुळलें नाहीं तर ‘याला गणिताचें डोकें नाहीं’ असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो.

६क्ष² + ७क्ष − २० ही त्रिपदी घ्या. ६ व −२० यांचा गुणाकार −१२०. ज्यांचा गुणाकार −१२० व बेरीज ७, अशा संख्या १५ व −८. मधल्या पदाची तशी फोड केली म्हणजे ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५), अर्थात् (२क्ष + ५)(३क्ष − ४) हें उत्तर येतें. परंतु पहिल्या व शेवटच्या संख्यांचा गुणाकार मुळांत कां करावयाचा, हें विचारणारा विद्यार्थी विरळा.

उत्तर कठीण नाहीं. दोन्ही कंस पुन्हा गुणून पाहा. मधलें पद ५ × ३ म्हणजे १५ आणि २ × (−४) म्हणजे −८, या दोहोंच्या बेरजेनें होतें. या दोहोंचा गुणाकार केला तर त्यांत २, ३, ५ व −४ या चार संख्या येतात; ६ आणि −२० यांच्या गुणाकारांतही त्याच चार आहेत. म्हणून दोन्ही गुणाकार सारखेच. एवढें उमगलें कीं युक्ति पाठ करण्याची गरजच उरत नाहीं.

कोणी म्हणेल, वर्गसमीकरणाचें सूत्र असतां ही यातायात कशाला? तें सूत्र आदरणीय खरें. त्याची रीत भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथांत श्रीधराचार्यांच्या नांवानें दिली आहे. पण सूत्र व अवयव हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. आपल्या उदाहरणांत ७² − ४ × ६ × (−२०) = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग; म्हणूनच पूर्णांकांत अवयव पडले. −२० च्या जागीं −१९ असते तर ५०५ आले असते. तो पूर्ण वर्ग नव्हे, तेव्हां तेथें अर्धा तास चांचपडणें व्यर्थ. हें ज्याला कळतें, तो अपयशानें खचत नाहीं.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, उत्तर बरोबर आलें तरी मुलास ‘कां?’ असें विचारावें, व अवयव पुन्हा गुणून दाखविण्यास सांगावें. त्यासाठीं आपणांस बीजगणित येण्याची आवश्यकता नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, जो आपलें उत्तर आपणच ताडून पाहतो, त्यास दुसऱ्याच्या शाबासकीची वाट पाहावी लागत नाहीं.