आणीबाणीलाही मुदत असते

शिवारात उतरणारी कीड शासनाच्या परवानगीची वाट पाहत नाही. आंदर मावळातील टाकवे बुद्रुकच्या भातउत्पादकाला हे सांगावे लागत नाही. पुनर्लावणी आटोपून रोप अंग धरू लागते, आकाश आठवडाभर कोंदलेले राहते आणि खोडकिडा, तुडतुडे किंवा करपा यांपैकी कोणी तरी बांध ओलांडून आत येतो. मग हाती उरतात ते मोजके दिवस. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने ज्या इंद्रायणी वाणाची देणगी महाराष्ट्राला दिली, त्याच्या सुगंधामागे अशी धास्तीची अनेक वर्षे उभी आहेत. म्हणूनच नवी कीड अकस्मात आली असता शासनाने नेहमीची लांबलचक प्रक्रिया बाजूला ठेवून एखाद्या कीटकनाशकाला तातडीची मान्यता द्यावी, या तत्त्वाला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. संकटाच्या नावाने उघडलेले दार संकट सरल्यावर बंद कोण करणार?

या विषयातील भारतीय कायद्याचा जन्मच एका दुर्घटनेतून झाला. १९५८ मध्ये केरळात धान्याच्या मालाबरोबर वाहून नेलेले कीटकनाशक अन्नात मिसळले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. औषध परिणामकारक आहे आणि माणसाला व जनावरांना सुरक्षित आहे, याची खात्री पटल्यावरच केंद्रीय नोंदणी समितीने त्याची नोंदणी करावी, हे त्याचे सूत्र. मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ (३ ब) ने एक पळवाटही ठेवली. देशात प्रथमच येणाऱ्या औषधाला, चौकशी पूर्ण होण्याआधी, दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी देता येते. अपवाद म्हणून ही तरतूद समजण्याजोगी आहे. परंतु अपवादाची सवय जडली की नियमाचे काय होते, हे कोणत्याही कार्यालयात जाऊन पाहावे.

अलीकडच्या काळात तातडीचे प्रसंग खरोखरच आले. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्यात अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि काही महिन्यांतच ती महाराष्ट्रातील मक्यावर येऊन पोहोचली. तिच्यासाठी काही कीटकनाशकांच्या तात्पुरत्या शिफारशी करणे भागच होते. २०२० मध्ये टोळधाड विदर्भापर्यंत आली, तेव्हाही थांबायला उसंत नव्हती. मात्र २०२२ मध्ये ड्रोनद्वारे फवारणीसाठी ४७७ नोंदणीकृत कीटकनाशकांना एकाच वेळी दोन वर्षांची अंतरिम मान्यता देण्यात आली. ड्रोन हे उपयुक्त साधन आहे, यात शंका नाही. तरीही पाठीवरच्या पंपासाठी ठरवलेले औषध आकाशातून, अधिक तीव्र द्रावणाच्या रूपात पडते, तेव्हा ते वाऱ्याबरोबर किती दूर जाते, ही माहिती मान्यतेच्या आधी यावी की नंतर? एका अळीसाठी दोन-तीन औषधे ही तातडी झाली. ४७७ औषधांची यादी हा वेगळा कारभार झाला.

घाईची किंमत कोण मोजतो, हे यवतमाळने २०१७ मध्ये दाखवून दिले. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कापूस उंच वाढला होता, उकाडा होता, एकात एक औषधे मिसळली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते. त्यानंतर राज्य शासनाने ज्या पाच औषधांवर निर्बंध घातले, त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, अ‍ॅसिफेट होते, डायफेन्थियुरॉन होते. मोनोक्रोटोफॉस तर नवेही नव्हते. २००५ मध्येच त्याचा भाजीपाल्यावरील वापर निषिद्ध झाला होता आणि २०१३ मध्ये बिहारच्या शाळेतील माध्यान्ह भोजनात तेच शिरून २३ बालकांचा बळी गेला होता. दीर्घकाळ वापरातल्या, नोंदणीकृत औषधांची ही कथा असेल, तर घाईने मान्य केलेल्या औषधाबाबत किती सावध राहावे लागेल, हे वेगळे सांगायला नको.

या प्रकरणातील सर्वांत बोचरी बाब कायद्याच्या कलम २७ मध्ये दडलेली आहे. धोकादायक ठरलेल्या औषधाची विक्री राज्य शासनाला केवळ ६० दिवस थांबवता येते. चौकशी अपुरी राहिली तर आणखी ३० दिवस. यवतमाळनंतर महाराष्ट्राने घातलेली बंदी ६० दिवसांचीच होती. बासमतीची निर्यात वाचवण्यासाठी पंजाबने २०२२ आणि २०२३ मध्ये दहा कीटकनाशकांवर घातलेले निर्बंधही ६० दिवसांचेच होते. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला आळा घालणारा केंद्राचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले. विष विकण्याची तात्पुरती मुभा दोन वर्षांची आणि ते थांबवण्याची तात्पुरती मुभा दोन महिन्यांची! प्राण वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यात हा तराजू असा कलता का असावा?

युरोपीय संघानेही तातडीच्या मान्यतेची सोय ठेवली आहे, पण ती कमाल १२० दिवसांची. तिथेही सभासद देशांनी तिचा सोयीस्कर वापर केला. मधमाश्यांना घातक म्हणून मनाई झालेली औषधे साखरबीटच्या बियाण्याला चोळण्यासाठी सवलतीच्या दारातून परत आणली गेली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने बजावले की, जे स्पष्टपणे निषिद्ध केले ते तातडीच्या नावाखाली आणता येणार नाही. पाश्चात्त्यांचे सारेच अनुकरणीय नसते. पण मुदतीचा हा धडा भारताला परका नाही. २५ जून १९७५ ला लादलेली आणीबाणी २१ महिने चालली. ज्यांनी तुरुंगवास सोसला त्या पिढीला ठाऊक आहे की, संकटाचे कारण सांगून घेतलेला अधिकार स्वतःहून परत दिला जात नाही. म्हणूनच ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीला दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता घेणे बंधनकारक केले. राज्यकर्त्यांना जे बंधन, ते कीटकनाशकाला का नको?

२००८ आणि २०२० मध्ये नव्या कायद्याची विधेयके संसदेत मांडली गेली. नवा कायदा जेव्हा होईल तेव्हा होवो, त्यात तातडीच्या मान्यतेसाठी चार अटी असल्याच पाहिजेत. मान्यता ठरावीक किडीसाठी, ठरावीक पिकासाठी आणि ठरावीक जिल्ह्यांपुरती असावी. तिची अखेरची तारीख आदेशातच लिहिलेली असावी आणि मुदतवाढीची कारणे जाहीर व्हावीत. औषध दुकानात पोहोचण्याआधी त्याचे मराठी माहितीपत्रक आणि उपचाराची माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचावी. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय औषधांच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन तरी आहे. डायफेन्थियुरॉनवर नेमका उताराच नाही. आणि चौथे म्हणजे, विषबाधेची प्रत्येक नोंद मान्यता देणाऱ्या समितीपुढे आलीच पाहिजे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी हा विषय शेतकऱ्याचा म्हणून सोडून देऊ नये. टाकव्याजवळच्या आंद्रा धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते आणि मावळचा तांदूळ पुण्याच्या ताटात येतो. खोऱ्यात काय फवारले जाते, याच्याशी त्या घरांचाही संबंध आहे.

कार्यकर्त्यांपुढे तर काम समोरच आहे. पुढच्या खरिपाआधी ग्रामसभेत हा विषय निघावा. डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ फवारणाऱ्या मजुराला समजावा. हातमोजे आणि मुखपट्टी ही मालकाची जबाबदारी मानली जावी. कामगंध सापळे, मित्रकीटक आणि निंबोळी अर्क यांनी जिथे भागते तिथे डबा उघडूच नये. दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार मांडला, त्यातील शेवटचा माणूस आज पाठीवर पंप घेऊन गुडघाभर चिखलात उभा आहे. मान्यतेच्या कागदावर सही करणाऱ्याला तो दिसत नाही. तो दिसावा अशी व्यवस्था उभी करणे, हे समाजाचे काम आहे.