खाऊ की औषध?



मुलांसाठीच्या जीवनसत्त्वयुक्त गोड गोळ्यांची भलामण करणारे पत्र वाचले. मूल गोड खाणारच, मग त्यातून जीवनसत्त्वे तरी पोटात जातील, हे म्हणणे वरवर पटते. पण डबीची मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. बहुतेक डब्यांवर आधी साखर नि ग्लुकोज सिरप, आणि जीवनसत्त्वे पार तळाशी. शिवाय हा चिकट ऐवज दाढांत अडकून बसतो, ते वेगळेच.

जादा ‘क’ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते. ‘अ’ आणि ‘ड’ मात्र शरीरात साठतात. खाऊ म्हणून हाती दिलेली डबी पोरे एका दुपारी फस्त करतात. मोजून, कुलपात ठेवून द्यायची तर तो खाऊ कसला? २०१८च्या सरकारी नियमांत पोषणमूल्ये वाढवायला रोजच्या जेवणातले मीठ, तेल, दूध, कणीक, तांदूळ निवडले, ते उगीच नाही.

‘ड’ कमी असल्याची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून थेंब द्यावेत. ‘क’साठी आमच्या नाशिकच्या रविवार कारंज्यावरचा एक पेरू पुरून उरतो. खाऊ म्हणून राजगिऱ्याची वडीही चांगली. अर्थात गूळ असतो, तेव्हा तीही बेतानेच.

– एक आजी, पंचवटी, नाशिक