चमचाभर माशाचें तेल

आमच्या लहानपणीं रात्रीच्या जेवणानंतर एक प्रसंग नित्य घडत असे. आई डाव्या हातानें आमचें नाक धरी, उजव्या हातांतील चमचा तोंडांत रिता करी, आणि तेल पोटांत गेल्याची खात्री पटल्यावरच गुळाचा खडा हातावर ठेवी. त्या तेलाचा वास अद्याप आमच्या स्मरणांतून गेला नाहीं!

या कॉड माशाच्या तेलाविषयीं सांप्रत दोन मतें ऐकूं येतात. कित्येक त्यास जुन्या लोकांचा भाबडेपणा म्हणून हंसतात; कित्येक बाटली विकत आणून, कोणास न विचारतां, मुलांस पाजतात. आमच्या मतें दोघेही चुकतात.

कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यांतला मासा. त्याच्या यकृताचें तेल नॉर्वेकडील कोळी पिढ्यान् पिढ्या वापरीत आले. त्याचा गुण त्यांस ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतें. युरोपांतील धुरानें कोंदलेल्या शहरांतून मुडदुसानें मुलांचे पाय धनुष्यासारखे वांकत. १९१९ च्या सुमारास इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी यांनीं बंद जागेंत वाढविलेल्या कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. ज्यांस हें तेल मिळालें त्यांचा मुडदूस टळला. १९२२ सालीं अमेरिकेंत मॅककॉलम यांनीं तेल तापवून त्यांत हवा खेळविली. त्यांतील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट झालें, तरी मुडदूस बरा करण्याचा गुण कायम राहिला. त्या गुणाच्या द्रव्यास ‘ड’ जीवनसत्त्व हें नांव मिळालें. इकडे बर्लिनमध्यें हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनीं १९१९ मध्येंच मुडदूस झालेलीं मुलें नुसत्या दिव्याच्या अतिनील किरणांनीं बरीं करून दाखविलीं होतीं. म्हणजे चमच्यांतून जें मिळे, तेंच ऊन अंगावर पडलें असतां आपली कातडी तयार करते.

मग आपल्या उन्हाच्या देशांत त्या चमच्याचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु २०१६ ते २०१८ या काळांत भारतभर झालेल्या सरकारी पोषण-पाहणींत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकीं २४ टक्क्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. ऊन दारांत आहे, मुलें घरांत आहेत! सकाळचें कोवळें ऊन पुरेसें, असा समज सर्वत्र आहे. पण या कामाचे किरण सूर्य बराच वर आल्यावरच पुरेसे पोहोंचतात, आणि खिडकीच्या कांचेंतून तर ते जवळ जवळ येतच नाहींत.

बाटली आणणाऱ्यांस मात्र एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. या तेलाच्या चहाच्या एका चमच्यांत सुमारें १० मायक्रोग्रॅम ‘ड’ असतें, तें उपकारक खरें. पण सोबत सुमारें १,३५० मायक्रोग्रॅम ‘अ’ असतें. चार ते आठ वर्षांच्या मुलास ‘अ’ची दिवसाची वरची मर्यादा ९०० मायक्रोग्रॅमच धरतात. जास्तीचें ‘अ’ शरीराबाहेर न जातां यकृतांत सांचतें व अपाय करतें. पांच वर्षांखालील मुलांस तर सरकारी दवाखान्यांतून ‘अ’चा डोस दर सहा महिन्यांनीं मिळतच असतो. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी तेल दुर्मिळ झालें तेव्हां आपल्या किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचें तेल काढूं लागले. त्यांत ‘अ’ विपुल, ‘ड’ बेताचें. सबब बाटलीवरील आंकडे वाचावे आणि डॉक्टरांस विचारून मगच चमचा भरावा. गरोदर मातांनीं तर तें आपल्या मनानें मुळींच घेऊं नये.

दोष केवळ पालकांकडे नाहीं. मधल्या सुटींत मुलांस वर्गांत बसवून राहिलेला अभ्यास पुरा करवून घेण्याची चाल आम्हां शिक्षकांत आहे. ती आम्हीं सोडली पाहिजे. ‘मुलगी काळवंडेल, तिला मैदानावर पाठवूं नये,’ अशा चिठ्ठ्या पालकांनींही पाठवूं नयेत. आणि ज्या मुलास डॉक्टरांनीं तेल सांगितलेंच असेल, त्याचें नाक धरावयास व मागाहून गूळ द्यावयास वसतिगृहाची मंडळी आहेतच.